वडगावच्या माळावरचा पांढरा पट्टा

मी जात्याच भित्रा. लढाईच्या दिवसांत मी सांबऱ्याच्या विमानतळावर बिनतारी खोलीत कामाला होतो असं सांगितलं, की लोक माझ्याकडे जरा आदरानं बघतात. बघू देत. मी मात्र त्या खोलीत जितके दिवस काढले, तितके दिवस भीत भीतच काढले. आई म्हणायची, याला स्वतःची सावली बघून ताप येतो. तिचं फारसं चुकत नव्हतं.

आमची खोली धावपट्टीपासून लांब, जोंधळ्याच्या रानात होती. चार कोपऱ्यांना चार उंच खांब आणि मधे ती लाकडी खोली. ढगात वाट चुकलेलं विमान आमच्याकडे बिनतारीवरून एक लांबलचक सूर सोडायचं. कानाला हेडफोन लावून मी समोरची चकती हळूहळू फिरवायचो. फिरवता फिरवता तो सूर बारीक होत जायचा आणि एका जागी पार बुडायचा. ज्या दिशेला सूर बुडाला त्या दिशेला विमान. मग विमानाचं नाक कुठं धरायचं तो आकडा त्यांना मोर्सनं कळवायचा, की ते ढगातून बरोबर आमच्याकडे येत.

म्हणजे आवाज ऐकायचा नाही, तो कुठं नाहीसा होतो ते ऐकायचं. मला हे चटकन जमलं याचं तळावरच्या साहेबाला नवल वाटायचं. मला वाटत नव्हतं. मी वडगावचा, विणकरांच्या आळीतला. आमच्याकडे दिवसभर मागांची खटखट. माझे वडील, म्हणजे आप्पा, दुपारी आडवे झाले असले तरी शेजारचा माग थांबला की डोळे उघडायचे, आणि थांबण्याच्या तऱ्हेवरून सांगायचे की धागा तुटला का माणूस पाणी प्यायला उठला. आळीत कुणी वारलं की मात्र सगळे माग एकदम थांबायचे, ते मयत उचलेपर्यंत सुरू व्हायचे नाहीत. त्यामुळे लहानपणापासून मला आवाजाची भीती कधी वाटली नाही. तो थांबला की वाटायची.

खोलीतली भीती आणखी निराळी. सूर चकतीवर दोन जागी बुडायचा, एक खरी दिशा आणि दुसरी तिच्या बरोबर उलटी. कुठली खरी हे ठरवायला दुसरी एक कळ होती. ती दाबून खात्री करून घ्यायची. घाईत चुकलात तर विमान तुमच्याकडे यायच्या ऐवजी तुमच्यापासून लांब लांब जाणार, तेही तुमच्या शब्दावर विसंबून. मी दर वेळी ती कळ दोनदा दाबायचो. माझ्या जोडीला चिकोडीकडचे एक जैन गृहस्थ होते, वयानं मोठे, कानडी आणि मराठी सारख्याच सफाईनं बोलणारे. आलेला निरोप उतरून घ्यायचा आणि उत्तर मोर्सच्या कळीवर वाजवायचं हे त्यांचं काम. ते मला तम्मा म्हणायचे, म्हणजे कानडीत धाकटा भाऊ, आणि मी त्यांना अण्णा. मी तिसऱ्यांदा कळीकडे हात नेला की ते म्हणायचे, "तम्मा, कळ झिजल की रं."

आता मी काय चूक केली ते सांगतो.

रोज दुपारी आमच्या खोलीत दुसऱ्या दिवसाच्या हवामानाची चिठ्ठी यायची. ती बाहेर कुणाला सांगायची नाही असा सक्त हुकूम होता. लढाईत ऊनपाऊससुद्धा सरकारी गुपित. मीही कधी तोंड उघडलं नव्हतं, कारण तुरुंगाची मला फार भीती.

त्या वर्षी भाद्रपदात दहा दिवस पाऊस हटला नाही. आमच्या आळीत दसऱ्याचं काम अंगावर आलेलं आणि पांजणी सगळी अडकलेली. पांजणी म्हणजे मागावर चढवायच्या आधी उभ्या धाग्यांना खळ लावणं. सगळे धागे ताणून एक लांब पट्टा करायचा, त्याला ताणा म्हणतात. तो वडगावबाहेरच्या माळावर खुंट्यांना बांधायचा, दोन्ही बाजूंनी माणसांनी उभं राहून कुंच्यानं खळ फिरवायची आणि उन्हावाऱ्यात वाळवायचा. घरात हे होत नाही. ऊन नाही तर पांजणी नाही, पांजणी नाही तर माग बंद.

आप्पांना माझं काम कधी नीट कळलं नव्हतं. पाहुण्यांना ते सांगायचे, "कानाला कायतरी लावून बसतंय आणि साहेब त्येला पगार देतोय." बोलण्यात राग नसायचा, पण मला ते लागायचं. एकदा तरी आप्पांना वाटावं की पोरगं काहीतरी शिकलंय. त्या संध्याकाळी जेवताना ते खळीच्या भांड्याकडे बघत बसले होते. त्या दुपारची चिठ्ठी मी वाचलेली होती. मला राहवलं नाही.

"उद्या ऊन हाय, आप्पा. धापासनं चारपतोर."

त्यांनी घास हातातच ठेवला. "कोण म्हणतंय?"

"आमच्याकडं आदीच समजतंय."

"इमानातनं बघून सांगत्यात व्हय?"

"तसंच कायतरी."

आप्पा हात धुऊन लगेच उठले आणि आळीत घरोघर सांगून आले. एरवी माळावर एका वेळी दोन नाहीतर तीन ताणे लागायचे, पाळीपाळीनं. उद्या सगळेच काढणार होते. परत आल्यावर ते आईला म्हणाले, "जागा पुरायची न्हाय. बाकीच्यांचं सरळ लावू दे एकाम्होरं एक. आपला आडवा घालू टोकाला." आळीत त्यांचा शब्द मोठा, म्हणून कमी जागा त्यांनी स्वतःकडे घेतली. त्यात लढाईमुळे रंग मिळत नव्हता, सगळ्यांचंच सूत पांढरं. झोपताना मला फार बरं वाटलं. इतकं बरं मला पुन्हा कधी वाटलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बरोबर दहाला ढग फाटायला लागले. खोलीच्या दारातून ऊन आत आलं तेव्हा मी मनात म्हटलं, आप्पा आता कुंचा घेऊन उभे असतील. वर ढगांचा थर होताच, फक्त त्याला मोठमोठी भोकं पडली होती. बाराच्या सुमारास एका विमानाचा सूर आला. समुद्राकडून घाट ओलांडून ते येत होतं. आमच्या तळावर ते यापूर्वी कधी उतरलेलं नव्हतं आणि त्यांच्याकडे तेल थोडंच उरलं होतं. दिशा हवी होती.

मी चकती फिरवली. सूर दोनशे पंचावन्न अंशांवर बुडाला. कळ दाबली, पुन्हा दाबली. विमान पश्चिमेला, किंचित दक्षिणेकडे झुकून. आमच्याकडे यायला त्याच्या बरोबर उलट नाक धरायचं, म्हणून अण्णांनी पंच्याहत्तरचा आकडा वाजवला. दर पाच मिनिटांनी तो सूर यायचा, दर वेळी दोनशे पंचावन्नावरच बुडायचा, आणि दर वेळी अधिक मोठ्यानं. म्हणजे ते माझ्या रेषेवरून नीट जवळ येत होतं. सारं शहाण्यासारखं चाललं होतं. मग अण्णांची पेन्सिल चालली आणि त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. विमानातला बिनतारीवाला कळवत होता की ढगाच्या भोकातून पांढरा टी दिसला, आम्ही उतरतोय.

हा टी काय ते सांगायला हवं. धावपट्टीच्या कडेला जमिनीवर पांढऱ्या कापडाचं इंग्रजी टी अक्षर अंथरलेलं असतं. उभी लांब पट्टी आणि टोकाला एक आडवी. वारा बघून ते फिरवतात, आणि उभ्या पट्टीच्या रेषेत आडव्या पट्टीकडे तोंड करून वैमानिकानं उतरायचं असतं.

मी कागद वाचला आणि दाराबाहेर कान दिला. बाहेर इंजिनाचा आवाज कुठंच नव्हता. विमान डोक्यावर आलं की चकतीवर सूर सगळीकडेच भिरभिरतो. इथं तो शेवटपर्यंत दोनशे पंचावन्नावर ठाम होता. आणि सांबऱ्याहून दोनशे पंचावन्नला, सहा-सात मैलांवर, आमचं वडगाव.

एकामागे एक लावलेले पांढरे ताणे आणि टोकाला आप्पांचा आडवा.  तो टी मीच अंथरला होता, आणि माझ्याच आकड्यांनी विमान त्याच्यावर नेऊन सोडलं होतं. दोन्ही बाजूंना माणसं उभी. शंभर तरी असतील. आई, माझी बहीण आक्का, शेजारच्या बायका.

"अण्णा, ते आपलं रान न्हवं. आमचा माळ हाय तो. पांजणी लागलीया. तिथं माणसं हाईत."

"तुला कसं ठावं आज पांजणी हाय म्हणून?"

 त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि चिठ्ठीतलं बाहेर गेलंय हे त्यांना कळलं.

"तम्मा, आपण आकडा द्यायचा. उतर, नको उतरू, हे साहेबाचं काम. फोन लाव."

मी फोनचा दांडा फिरवला. पलीकडे कुणी उचलेना. मी अण्णांच्या हाताखालून मोर्सची कळ ओढून घेतली. पहिली अक्षरं इतक्या घाईत वाजवली की माझी मलाच ओळखू आली नसती. तळ नव्हे. माणसं आहेत. वर जा, पंच्याहत्तर. तीनदा वाजवलं. मग हेडफोन दाबून धरले.

काहीच नाही. नुसती खरखर.

अण्णा हळूच म्हणाले, "उतरताना तार गुंडाळून घेत्यात ते." विमानाच्या पोटाखाली ऐकायची एक लांब तार लोंबत असते. उतरायचं ठरलं की ती आत ओढून घेतात, मग लांबचं फारसं ऐकू येत नाही. मला ते ठाऊक होतं. मी कधीच कुणावर ओरडत नाही, पण त्या क्षणी अण्णांवर ओरडलो, गप बसा म्हणून. 

मी चकती फिरवत राहिलो, गोल गोल, वेड्यासारखा. बुडालेला सूर शोधायची इतकी सवय, की सूरच नसताना काय करायचं ते हाताला कळत नव्हतं. किती वेळ गेला सांगता येत नाही. अण्णांनी नोंदीच्या वहीत लिहिलं होतं अकरा मिनिटं. मग दारातून, हेडफोनमधून नव्हे, इंजिनाची घरघर आली. विमान जोंधळ्यावरून खाली येत आमच्या पट्टीवर उतरलं. अण्णांनी डोळे मिटून हात जोडले. मला मात्र तेवढ्यानं सुटल्यासारखं वाटलं नाही. विमान वाचलं होतं. माळावर काय झालं ते कुणाला ठाऊक?

वहीतल्या वेळा जुळवून घ्यायला कुणीतरी विमानाकडे जायचं असे. अण्णांनी मला पाठवलं. वैमानिक पोरसवदा गोरा होता, तोंड पांढरंफटक, आणि हसत होता. तो साहेबाला सांगत होता, "आम्ही अगदी खाली आलो होतो. तेवढ्यात ती धावपट्टी उठून उभी राहिली आणि पळायलाच लागली." साहेब मोठ्यानं हसला. मी बिनतारीवाल्याला माझ्या निरोपाचं विचारलं. तो म्हणाला, "कसला निरोप? मला काही ऐकू आलं नाही."

धावपट्टी उठून पळाली म्हणजे काय, ते तिथं फक्त मला समजलं. माळावर वावटळ आली किंवा सर आली की कुणीतरी "उचला" म्हणून हाळी देतो, आणि सगळे मिळून ताणा खुंट्यांवरून सोडवून डोक्यावर धरतात आणि आडोशाला पळतात. विमान अंगावर येताना बघून आमच्या लोकांनी तेच केलं होतं. जीव घेऊन पळायचं सोडून त्यांनी सूत उचललं.

मग माझी नजर विमानाच्या शेपटीखालच्या लहान चाकाकडे गेली. त्याच्या आसाला पांढरं सूत गुंडाळलं होतं, मनगटाएवढं जाड. मी वाकून बोट लावलं. ओलं होतं. वास घेतला. आमच्या घरच्या खळीचा वास, आईनं सकाळी शिजवलेल्या. लांबचे ताणे उचलून नेले होते, म्हणजे चाकात अडकलेला हा आमचा टोकाचा आडवा.

आमचं बोलणं ऐकून साहेबानं मला विचारलं, "ती जागा आपली नाही हे तुला कशावरून कळलं?" मी म्हणालो, "सूर जागचा हलत नव्हता, साहेब." हे खरंच होतं. बाकीचं मी सांगितलं नाही.

चारला सुटी झाली. तोपर्यंत मी खोलीत कसा बसलो ते विचारू नका. वडगावात फोन नव्हता, आणि असता तरी मी केला नसता. दुपारी दुसऱ्या दिवसाची चिठ्ठी आली. वाचली आणि घडी करून ठेवली. मग सायकल काढली. वाटेत खडेबाजारात नेहमीची गर्दी होती, माणसं भाजी घेत होती, एकमेकांची थट्टा करत होती. मी त्यांच्या तोंडांकडे बघत होतो, यांना काही कळलंय का म्हणून. शहापुरात शिरलो तेव्हा तिथले माग चालू होते. ती खटखट ऐकून जरा धीर आला. शहापूर संपलं, आवाज मागे पडला, आणि मी आमच्या आळीच्या तोंडाशी सायकलवरून उतरलो.

आळीत एकही माग चालू नव्हता.

 सायकल भिंतीला टेकवायचंही सुचलं नाही, ती पडली. मी तिथंच उभा राहून ऐकत राहिलो, एक तरी घर, मागावरचा एक तरी धोटा. सगळीकडे गप्प. कोण गेलं असेल ते मी एकेक घर धरून मनात म्हणत होतो, आणि शेवटचं घर सोडून देत होतो. पुढे जायची छाती होईना. माझ्या आयुष्यात मी इतका घाबरलो नव्हतो आणि नंतरही नाही.

मग कोपऱ्यावरून शेजारची म्हातारी आली. डोक्यावर सुताचा हा मोठा गुंता. मला बघून ती म्हणाली, "हितं काय हुबा राह्यलायस? जा की, समदी माळावर हाईत. गुत्ता काढाय हात लाव जरा."

माग बंद होते ते मागांवर माणसं नव्हती म्हणून. आळी सगळी माळावर बसून तुटकं सूत सोडवत होती. मी पळत गेलो. आई दिसली, आक्का दिसली. आप्पा एका खुंटीपाशी मातीत बसले होते आणि त्यांचे दोन्ही हात फडक्यांत बांधलेले होते. बाकीच्यांना "उचला" म्हणून त्यांनीच हाळी दिली होती. आपल्या ताण्याची दोरी मात्र त्यांनी हाताला गुंडाळून धरली होती, आणि चाकात ताणा अडकला तेव्हा ती सोडवायला वेळ मिळाला नाही. उजव्या हाताची दोन बोटं पुढे कधी पूर्ण मिटली नाहीत. धोटा फेकणाऱ्या माणसाची बोटं.

मी त्यांच्यापुढे बसलो. सगळं सांगून टाकावं असं ओठावर आलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, शाबासकी देताना हलवतात तशी.

"ऊन मातर तू म्हणलास तसंच पडलं रं. धा म्हणलास, धाला. समदी आळी म्हणतीया, पोरगं शिकलं म्हणून."

त्यांचा आवाज अभिमानाचा होता. मी आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते मला त्या मातीत बसून मिळालं, आणि मला ते कुठं ठेवावं कळेना. मी खाली बघून गुंता सोडवायला लागलो.

थोड्या वेळानं ते म्हणाले, "ह्यातलं निम्मं तरी वाचंल. पुन्ना खळ लावून वाळवाय पायजे. उद्या ऊन हाय का रं?"

घडी केलेल्या चिठ्ठीत लिहिलं होतं की उद्या दिवसभर निरभ्र. पण माझ्या डोळ्यांपुढे तो टी आला, त्याच्यावर खाली येणारं विमान आलं. साहेबाची भीती होतीच, पण माझ्या शब्दावर पुन्हा सगळी माळावर जातील ही भीती आता तिच्याहून मोठी होती.

"ठावं न्हाय, आप्पा."

"काल म्हणत हुतास की, तुमच्याकडं आदी समजतंय?"

"एकेक बारीला समजतंय. आज न्हाय समजलं."

त्यांनी एकदा आभाळाकडे बघितलं. पश्चिमेला ढग दाटलेलेच होते. "मग र्‍हाऊ दे घरातच," ते आईला म्हणाले, आणि आळीनंही सूत घरात नेलं.

दुसऱ्या दिवशी सांबऱ्याला सकाळपासून लख्ख ऊन होतं. पण खळ आदल्या रात्री भिजत घातलेली नसली, की सकाळी ऊन बघून पांजणी काढता येत नाही. मी दाराकडे पाठ करून बसलो. संध्याकाळी घरी गेलो तेव्हा उंबऱ्यातच आंबलेल्या खळीचा वास आला. बांधलेले हात मांडीवर ठेवून आप्पा त्या सुतासमोर बसले होते. ऊनपावसाचं त्यांनी मला पुन्हा कधी विचारलं नाही.